मूळ संचाच्या रेकॉर्डी घरी उतरवताना : सुई, वेग आणि षड्ज

‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्यात झाला. नाटककार गडकरी त्याच्या महिनाभर आधी, २३ जानेवारीला गेले होते. नायिका सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्व होते आणि गंधर्व नाटक मंडळीला सयाजीराव महाराजांचा आश्रय होता. रंगमंचावरचा प्रयोग मुद्रित करून ठेवण्याची सोय तेव्हा नव्हती. म्हणून सिंधूचा आवाज आपल्यापर्यंत पोचला तो नंतर ग्रामोफोनच्या रेकॉर्डींसाठी वेगळ्या गायलेल्या पदांतून, एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटे. प्रयोगात वन्समोअर घेत वाढत जाणारे पद त्या तीन मिनिटांत आवरून बसवलेले असते. नाटकाच्या ध्वनिमुद्रणाची अपेक्षा ठेवून ही रेकॉर्ड ऐकली तर निराशा होते. ज्याने भूमिका पहिल्यांदा उभी केली त्याने पदातले काय ठेवले आणि काय सोडले, हे ऐकायला बसले तर मात्र ती शंभर वर्षांनीही जुनी होत नाही.

अट एकच: आवाज त्याच माणसाचा निघाला पाहिजे. वेग सहा टक्क्यांनी चुकला की षड्ज अर्ध्या स्वराने सरकतो, गळ्याचा पोत बदलतो आणि आपण भलत्याच गायकाला दाद देत बसतो. बडोद्याच्या दांडिया बाजार, रावपुरा भागांतल्या मराठी घरांत माळ्यावर अजून अशा रेकॉर्डी असतील, तर त्या संगणकावर कशा उतरवायच्या ते इथे क्रमाने दिले आहे.

आधी रेकॉर्ड कोणाची ते ठरवा

लेबलावर नाटकाचे नाव आहे म्हणून रेकॉर्ड मूळ संचाची होत नाही. ‘मानापमान’ १९११ साली आले तेव्हा भामिनी बालगंधर्वांची होती आणि धैर्यधर नानासाहेब जोगळेकरांचा. धैर्यधराच्या पदांसाठी आज आपल्या कानात बसलेला आवाज मात्र मास्टर दीनानाथांचा आहे. त्यांनी ती भूमिका पुढे बलवंत संगीत मंडळीत केली. ती रेकॉर्ड कमी दर्जाची ठरत नाही, पण तिला मूळ संचाची म्हणू नये. उलट ‘स्वयंवर’ (१९१६) मधली रुक्मिणी बालगंधर्वांची, ‘कुलवधू’ (१९४२) मधली नायिका ज्योत्स्ना भोळे यांची, ‘मत्स्यगंधा’ (१९६४) मधली सत्यवती आशालतांची आणि पराशर रामदास कामतांचा, ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) मधले खाँसाहेब वसंतराव देशपांड्यांचे. इथे भूमिका आणि आवाज एकाच माणसाचे आहेत.

दोन क्रमांक वहीत उतरवून घ्या. एक लेबलावर छापलेला विक्रीचा क्रमांक. दुसरा लेबलाच्या कडेला, सुई फिरते तो चर संपल्यावरच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला किंवा उमटलेला असतो. तो तिरपा उजेड टाकल्यावर दिसतो. हा दुसरा मुद्रणाचा क्रमांक. त्याच मुद्रणाच्या रेकॉर्डी पुन्हा काढल्या, लेबलाचा रंग बदलला, तरी सहसा तो टिकून राहतो. त्याचा खरा उपयोग वेग ठरवताना होतो, म्हणून आळस करू नका.

साठच्या दशकातही आपल्याकडे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डी निघत होत्या. त्यामुळे त्या काळातली पदे ७८ वर, सात इंची ४५ च्या ईपीवर आणि ३३⅓ च्या एलपीवर अशी तिन्ही प्रकारे सापडू शकतात. पर्याय असेल तर ईपी किंवा एलपी निवडा. ‘७८ म्हणजे अस्सल’ हा बाजारातला समज आहे, कानाचा नव्हे.

साहित्य

७८, ४५ आणि ३३⅓ असे तिन्ही वेग असलेले आणि वेग थोडा कमी-जास्त करता येणारे टर्नटेबल. फोनो प्रीॲम्प, म्हणजे सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवणारे उपकरण. संगणकाला जोडायचा २४ बिटचा ऑडिओ इंटरफेस. ऑडॅसिटीसारखे मोफत सॉफ्टवेअर. सुईचा भार मोजायचा लहान डिजिटल काटा. आणि दोन वेगळ्या सुया.

सुयांवर पैसे वाचवू नका. ७८ च्या रेकॉर्डचा चर रुंद असतो. त्याला ३ मिलची, म्हणजे सुमारे ७६ मायक्रॉन टोकाची सुई लागते. एलपीची सुई साधारण ०.७ मिलची, १८ मायक्रॉनच्या आसपास. एलपीची सुई ७८ वर लावली तर ती चराच्या भिंतींना टेकतच नाही, तळाशी जमलेल्या घाणीत घासत जाते. खरखर प्रचंड येते, आवाज पातळ होतो आणि सुईही लवकर जाते. उलट प्रयोग, म्हणजे ३ मिलची सुई एलपीवर, एकदाच होतो. त्यानंतर ती एलपी ऐकण्यासारखी राहत नाही. भार सुईच्या खोक्यावर दिलेला ठेवा. ७८ साठी तो बहुधा ३ ते ५ ग्रॅम असतो, एलपीसाठी दीड-दोन ग्रॅम. घाबरून भार कमी ठेवला तर सुई जोराच्या तानेला उडते आणि प्रत्येक उडीत भिंतीला टवका पाडते.

चावीचा जुना फोनो घरात असेल तर तो दिवाणखान्यात शोभेला राहू द्या. त्याच्या साउंडबॉक्सचे वजन शंभर ग्रॅमच्या घरात असते आणि पोलादी पिन एका बाजूपुरतीच असते. तिच्यावर दुसरी बाजू वाजवली की झिजलेले टोक चर खरवडते. पूर्वी पिना काटकसरीने वापरल्या गेल्या आणि आज हातात येणाऱ्या बऱ्याच रेकॉर्डी त्या काटकसरीनेच खाल्लेल्या आहेत. अशी रेकॉर्ड ओळखता येते. खिडकीच्या तिरप्या उजेडात धरली की काळ्या चकाकीऐवजी राखाडी पट्टे दिसतात, विशेषतः वरच्या षड्जाच्या जागी. ते धुऊन जात नाहीत. अशा वेळी २.५ किंवा ३.५ मिलची सुई मिळवून पाहा. ती भिंतीला वेगळ्या उंचीवर टेकते आणि न झिजलेला भाग सापडला तर फरक आश्चर्य वाटावे इतका पडतो.

धुणे

७८ च्या रेकॉर्डीवर स्पिरिट, सॅनिटायझर, आयसोप्रोपिल काहीही लावायचे नाही. या रेकॉर्डी लाखेच्या असतात, आत दगडाची पूड आणि काजळी. सुतार फ्रेंच पॉलिश करताना जो चपडा स्पिरिटमध्ये विरघळवतो, तोच हा पदार्थ. स्पिरिटचा बोळा फिरवला की चर मऊ पडून पुसट होतात आणि वर फिकट डाग राहतो. एलपी आणि ईपी व्हिनाइलच्या असतात, त्यांना पाण्यात थोडे आयसोप्रोपिल चालते. पण ओळखण्यात चूक होण्यापेक्षा दोन्हींना साधे पाणीच वापरावे.

अर्धा लिटर डिस्टिल्ड पाणी घ्या, इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळते तेच. त्यात भांड्यांच्या पातळ साबणाचे तीन-चार थेंब. जास्त घातले तर चरात थर राहतो. नळाचे पाणी नको, क्षार वाळून चरात बसतात आणि तडतड वाढते. रेकॉर्ड जुन्या टॉवेलवर सपाट ठेवा, लेबल कोरडे राहील अशा बेताने मऊ केसांचा ब्रश चराच्या दिशेने गोल फिरवा. आडवा घासू नका. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुसून काढा, मायक्रोफायबरने टिपा आणि भांड्यांच्या जाळीत उभी ठेवून रात्रभर वाळू द्या. पाण्यात बुडवून ठेवू नका. काही कंपन्यांच्या जुन्या रेकॉर्डींत आत कागदाचा थर असतो. कडेच्या चिरेतून पाणी गेले की तो फुगतो. पांढरी बुरशी असेल तर आधी गच्चीवर किंवा बाल्कनीत, तोंडाला मास्क लावून कोरडीच झटका.

वेग : इथे वेळ घालवा

‘७८’ हा आकडा नंतर स्थिरावला. १९२५ च्या सुमारास विजेचे ध्वनिमुद्रण येईपर्यंत गायक भोंग्यात गायचा आणि मुद्रणाचा वेग कंपनीगणिक, कधी बैठकीगणिक वेगळा असे. सत्तरच्या थोड्या वरपासून ऐंशीच्या पुढेपर्यंत काहीही सापडते. म्हणून कामाच्या दोन पायऱ्या होतात: आधी यंत्र खरेच ७८ वर फिरते का, मग ही रेकॉर्ड ७८ ची आहे का.

पहिल्यासाठी पट्ट्यांची स्ट्रोबोस्कोप चकती कागदावर छापून घ्या आणि फिरत्या टर्नटेबलवर ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. त्या हिशेबाने ७८ साठी ७७ पट्ट्या लागतात आणि त्या स्थिर दिसल्या की वेग ७७.९२ असतो, ३३⅓ साठी १८० पट्ट्या. नेटवर मिळणाऱ्या बऱ्याच चकत्या अमेरिकेच्या ६० हर्ट्झच्या असतात. तिथे ७८ साठी ९२ पट्ट्या दिसल्या तर ती चकती बाजूला ठेवा. चांगल्या एलईडी दिव्याखाली पट्ट्या दिसतच नाहीत, कारण तो लुकलुकत नाही. जुना पिवळा बल्ब किंवा एक्स्टेन्शन बोर्डावरचा तांबडा निऑन इंडिकेटर जवळ धरा.

दुसऱ्यासाठी षड्ज. नाट्यपदाच्या रेकॉर्डीत साथीला ऑर्गन किंवा पेटी असते ही आपली मोठी सोय. गळा पट्टी बदलू शकतो, पेटीच्या सुरांना ती मुभा नसते. मुखडा संपून पेटी एकटी उरते ती जागा शोधा, तिथला षड्ज ट्यूनरवर पाहा. बाजूच्या शेवटीही एकदा पाहा. तो एखाद्या सुराच्या आसपास, पंचवीस सेंटच्या (अर्धस्वराचा शंभरावा भाग म्हणजे सेंट) आत असेल तर वेगाला हात लावू नका. तेवढा फरक त्या काळच्या पेटीच्या जुळवणीचाही असू शकतो. षड्ज दोन सुरांच्या बरोबर मध्ये लटकत असेल तर वेग संशयास्पद आहे.

हिशेब असा. ७८ वर एक फेरी वाढली की षड्ज सुमारे २२ सेंटने चढतो. पूर्ण अर्धस्वर चढायला ७८ चे ८२.६ व्हावे लागतात. समजा षड्ज पेटीच्या काळी एकपेक्षा ५० सेंट वर आहे. तर खरा वेग ७५.८ असेल आणि पद काळी एकमधले, किंवा खरा वेग ८०.३ असेल आणि पद पांढरी दोनमधले. ट्यूनर यापुढे मदत करत नाही. दोन्ही वेगांच्या फाइली करा आणि पुढच्या खुणा ऐका.

तबला: चाटीचा आवाज वेग जास्त झाला की टिनाच्या डब्यासारखा होतो, कमी झाला की ओला. शब्द: ‘नाथा’, ‘वदे’ यांतले स्वर ताणलेले वाटतात की चिरडलेले. गळ्याचे आंदोलन: जलद वेगात लांब स्वर थरथरल्यासारखा येतो. स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषाच्या आवाजात मात्र कान फसतो. आवाज बायकी वाटावा म्हणून वेग चढवण्याचा मोह होतो, तो टाळा. बालगंधर्व गात होते ते त्यांच्याच आवाजात, त्यात नायिका उभी करत होते. अगदी जुन्या रेकॉर्डींत गायक शेवटी स्वतःचे नाव सांगतो. ते दोन-तीन शब्द मिळाले तर सोन्याहून पिवळे, कारण बोलणे खोटे वेगात लगेच विनोदी वाटते.

तरीही ठरेना, तर वहीतला मुद्रणाचा क्रमांक काढा. लागोपाठच्या क्रमांकांची त्याच गायकाची दुसरी रेकॉर्ड बहुधा त्याच बैठकीतली असते आणि एका बैठकीत यंत्राचा वेग सहसा बदललेला नसतो. दोन-तीन बाजूंचे षड्ज एकत्र पाहिले की एकच वेग सगळ्यांना लागू पडतो, बाकीचे गळतात.

स्वर दर फेरीला डुलत असेल तर दोष वेगाचा नाही, मधले भोक केंद्रात नाही. सुईचा दांडा डावी-उजवीकडे झुलताना दिसतो. भोक कानशीने मोठे करू नका. टर्नटेबलवर एकावर एक रबरी मॅट घालून रेकॉर्ड मधल्या खुंटीच्या वर येईल इतकी उंच करा आणि दांडा झुलायचा थांबेपर्यंत बोटाने सरकवत न्या. दांड्याची उंचीही तेवढीच वाढवा.

मुद्रण

२४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, स्टिरिओ, वेव्ह फाइल. मिनिटाला सुमारे ३५ एमबी जागा जाते, म्हणजे ७८ ची एक बाजू सव्वाशे एमबीच्या आत, चाळीस मिनिटांची एलपी १.४ जीबीच्या आसपास. पातळी सर्वांत जोराच्या जागी उणे ६ डेसिबलच्या खाली ठेवा. मोठी टकटक त्याच्यावर गेली तरी हरकत नाही. सुई टेकण्याआधी मुद्रण सुरू करा, सुरुवातीचा रिकामा चर पुढे लागतो.

७८ ची रेकॉर्ड मोनो असूनही स्टिरिओत का, तर चराच्या दोन भिंतींची झीज सारखी नसते. नंतर डावा आणि उजवा वेगळे ऐका. एक स्पष्टपणे स्वच्छ असेल तर तोच ठेवा. दोन्ही सारखे असतील तर एकत्र करून मोनो करा, खालीवर होणाऱ्या सुईचा बराच गोंगाट त्यातच कटतो.

टर्नटेबलला ७८ नसेल तर ४५ वर वाजवून सॉफ्टवेअरमध्ये ७३.३ टक्के वेग वाढवता येतो. चालते, पण प्रीॲम्पची समकरणाची (मंद्र आणि तार भाग कमी-जास्त करण्याची) वक्ररेषा भलत्या जागी लागते, म्हणून हा तात्पुरता उपाय समजा.

या समकरणाबद्दल थोडे. फोनो प्रीॲम्प एलपीच्या ‘रिआ’ (RIAA) मानकाप्रमाणे मंद्र उचलतो आणि वरचा भाग दाबतो, १० हजार हर्ट्झला जवळजवळ १४ डेसिबल. ७८ च्या बहुतेक रेकॉर्डी त्या मानकाच्या आधीच्या. म्हणून त्या सरळ लावल्या तर आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो आणि लोक ‘जुनी आहे ना’ म्हणून सोडून देतात. ऑडॅसिटीच्या फिल्टर कर्व्हमध्ये आधी रिआ उलटा लावा. मग विजेच्या मुद्रणासाठी २५०-३०० हर्ट्झच्या खाली अष्टकाला ६ डेसिबलप्रमाणे मंद्र उचला. भोंग्याच्या मुद्रणाला तेही नको. त्यात काही हजार हर्ट्झच्या वर गाणे नसतेच, फक्त खरखर असते. ती कानाला रुचेल इतकी हळूच उतरवा.

सफाई, बेताची

क्रम महत्त्वाचा: आधी टकटक काढणे, मग समकरण, मग वेगाची दुरुस्ती. उलटे केले तर प्रत्येक टकटक घंटेसारखी घुमते. वेग बदलताना पट्टी आणि लय दोन्ही एकत्र बदलणारा पर्याय घ्या. नुसती पट्टी बदलणारा घेतलात तर आधीची सगळी मेहनत वाया.

आपोआप टकटक काढणारा फिल्टर तबल्याची ‘ना’ टकटक समजून खातो. थ्रेशोल्ड २०० पासून सुरू करा आणि मूळ फाइल शेजारी लावून ठेका तपासा. ठोके बोथट झाले असतील तर फिल्टर मागे घ्या आणि मोठ्या टकटका लहरीवर एकेक निवडून काढा. तीन मिनिटांच्या बाजूला तासभर जातो, पण पर्याय नाही.

सततच्या खरखरीसाठी सुरुवातीच्या रिकाम्या चरातून नमुना घ्या आणि घट ६ डेसिबलवर ठेवा. मग ‘रेसिड्यू’ निवडून काय काढले जाते आहे ते ऐका. त्यात नुसते वारे असले पाहिजे. शब्द ओळखू आला, मुरकीची सावली ऐकू आली, तर तेवढे गाणे तुम्ही कचऱ्यात टाकत आहात. नाट्यपदात श्वास आणि शब्द सोडण्याची पद्धत हीच भूमिकेची निशाणी. अतिस्वच्छ केलेल्या प्रतीत नेमके तेच जाते.

पद दोन बाजूंत तोडलेले असेल तर दोन फाइली जोडू नका, निदान मूळ प्रतीत तरी. दुसऱ्या बाजूला गायक मुखडा पुन्हा घेऊन उठतो आणि ती उठावणीही त्या काळच्या गाण्याचा भाग आहे.

ठेवण

कच्ची, हात न लावलेली वेव्ह वेगळ्या फोल्डरमध्ये, दोन डिस्कवर. फाइलच्या नावात नाटक, पद, गायक, मुद्रणाचा क्रमांक, वापरलेली सुई आणि लावलेला वेग. पाच वर्षांनी कोणी ‘८०.३ का?’ विचारले तर उत्तर नावातच असावे.

रेकॉर्डी उभ्या ठेवा, कागदी पाकिटात. आडव्या थप्पीत खालच्या ७८ तडकतात आणि एलपी वाकतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत पावसाळ्यात दमट कोंडून बुरशी धरते. बडोद्याच्या मे महिन्यात पश्चिमेच्या भिंतीला लागलेले लोखंडी कपाट एलपीला वाकवायला पुरते. आणि तळमजला असेल तर सर्वांत खालची फळी रिकामी ठेवा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले होते. गाळ लागलेली रेकॉर्ड वाळू देऊ नका, ओली असतानाच स्वच्छ पाण्याखाली धरा. वाळलेला गाळ पॉलिश पेपरचे काम करतो.

प्रत इतरांना देण्याआधी कायदा पाहा. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे चालतो. कवी आणि संगीतकाराचा हक्क वेगळा, त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. ‘मानापमान’ आणि ‘स्वयंवर’ लिहिणारे खाडिलकर १९४८ साली गेले, गडकरी १९१९ साली. संगीतकार जितेंद्र अभिषेकी १९९८ साली गेले, म्हणजे ‘मत्स्यगंधा’ आणि ‘कट्यार’च्या चालींवरचा हक्क अजून शाबूत आहे. त्या फाइली घरच्या कपाटात राहू द्या, नेटवर चढवू नका.